लोहिताक्ष आणि पिंगाक्ष

जातककथांच्या संग्रहातील पहिली कथा ‘अपण्णक जातक’ या नावाने ओळखली जाते. वाराणसीचे दोन सार्थवाह प्रत्येकी पाचशे गाड्या माल भरून एकाच मार्गाने निघालेले असतात. वाटेत साठ योजनांचे निर्जल रान लागते आणि त्या रानात यक्षांची वस्ती असते. पुढे गेलेल्या सार्थवाहाने पाण्याचे मोठमोठे रांजण गाड्यांवर चढवलेले असतात. रानाच्या मध्यावर त्याला समोरून एक रथ येताना दिसतो. रथाला पांढरे शुभ्र बैल जुंपलेले, चाके चिखलाने माखलेली, आतील पुरुषाचे केस आणि वस्त्रे ओली, गळ्यात कमळांच्या माळा. पुढे मुसळधार पाऊस पडत असून तळी भरली आहेत, हे पाण्याचे ओझे कशाला वाहता, असे तो पुरुष विचारतो. सार्थवाह रांजण फोडतो. रात्री तहानेने गलितगात्र झालेल्या त्या तांड्याला यक्ष खाऊन टाकतात. माल जसाच्या तसा गाड्यांवर उरतो.

दुसरा सार्थवाह काही काळाने त्याच जागी येतो. त्यालाही तोच रथ भेटतो, त्याच कमळांच्या माळा, तोच सल्ला. परंतु हा मनुष्य समोरच्या पुरुषाकडे नीट पाहतो आणि तीन गोष्टी टिपतो. त्या पुरुषाला भय कसे ते ठाऊक नाही, त्याचे डोळे लाल आहेत आणि त्याची सावली पडत नाही. तांड्यातील लोक पाणी ओतून टाकू या असा आग्रह धरतात, तेव्हा तो त्यांना डोळ्यांविषयी चकार शब्द बोलत नाही. पावसाळी वारा कोणाच्या अंगाला लागला काय, मेघाचे टोक कोणी पाहिले काय, वीज दिसली काय, गडगडाट ऐकू आला काय, असे तो एकामागून एक विचारत जातो, आणि प्रत्येक वेळी ‘नाही’ असे उत्तर येते. लाल डोळ्यांनी त्याला सावध केले. निर्णय मात्र त्याने वारा आणि विजेच्या साक्षीवर घेतला. कथाकाराने हा भेद जाणूनबुजून राखला असावा असे वाटते, कारण भारतीय परंपरेत लाल डोळा हे एकट्याच्या बळावर राक्षसत्वाचे प्रमाण कधीच नव्हते.

या कथेशेजारी महाभारतातील नलोपाख्यान ठेवून पाहावे. दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नलाचे रूप घेऊन बसतात आणि तिच्यापुढे पाच नल उभे राहतात. देवांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, माळा कोमेजत नाहीत, पाय भूमीला टेकत नाहीत. खरा नल तेवढा धुळीने माखलेला आहे, त्याच्या पापण्या लवतात आणि त्याची सावली पडते. म्हणजे सावली नसणे हे जातकात यक्षाचे चिन्ह आहे, तर येथे ते देवाचे. मनुष्येतर कोण हे या खुणा सांगतात. तो मनुष्येतर भला की बुरा, याविषयी त्या मौन पाळतात. डोळ्यांच्या रंगाची गोष्टही अशीच आहे.

संस्कृत वाङ्मयात भयप्रद डोळ्यांसाठी जी विशेषणे येतात त्यांचे स्थूलमानाने दोन गट पडतात. रक्ताक्ष, लोहिताक्ष, ताम्राक्ष, अरुणलोचन हा एक गट आणि पिंगाक्ष, कपिलाक्ष, हर्यक्ष हा दुसरा. मराठी वाचक दोन्ही गटांना ‘भेसूर डोळे’ या एकाच शब्दात गुंडाळतो, परंतु त्यांची जात वेगळी आहे. लाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात उतरते. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगल्या म्हणजे डोळा तांबडा दिसतो. क्रोध, मद्य, जागरण, रुदन, धूर यांपैकी कशानेही ती येते आणि कारण सरले की बहुधा ओसरते. पिंगट रंग हा बुबुळाचा असतो. तो जन्माबरोबर येतो आणि सामान्यतः आयुष्यभर टिकतो. लाल डोळा ही एक अवस्था आहे, पिंगट डोळा हा जन्मजात स्वभाव मानला गेला. आणि दोहोंभोवती जमलेल्या समजुतींचे मार्गही त्यामुळे वेगळे झाले.

अवस्थेचा विचार सर्वांत पद्धतशीरपणे केला तो नाट्यशास्त्राने. रसांचे वर्ण सांगताना भरताने रौद्राला रक्तवर्ण दिला, भयानकाला कृष्ण. रौद्र रस राक्षस आणि दानव यांच्या ठिकाणी स्वभावतःच असतो असे सांगून त्याने त्यांचे चित्रही रेखाटले आहे: अनेक बाहू, अनेक मुखे, पिंजारलेले पिंगट केस, लाल आणि वटारलेले डोळे, काळीकभिन्न भीषण आकृती. पुढील शतकांत कवींनी, मूर्तिकारांनी आणि नटांनी जो राक्षस उभा केला त्याचा साचा येथे जवळजवळ पूर्ण झालेला आहे. परंतु त्याच ग्रंथात मुखरागाचे, म्हणजे अभिनयात चेहऱ्यावर येणाऱ्या रंगाचे, जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांपैकी रक्त हा प्रकार वीर आणि रौद्र यांच्याबरोबर मद आणि करुण यांनाही लागू केला आहे. शोकाने रडणारा आणि युद्धाला निघणारा, दोघांच्याही चेहऱ्यावर रक्त चढते, हे भरताच्या नजरेतून सुटले नव्हते.

म्हणूनच देवांना लाल डोळे लाभण्यात कोणाला विसंगती वाटली नाही. विष्णुसहस्रनामात ‘लोहिताक्ष’ हे एक नाव आहे. रामायणात रामाचे डोळे कडांशी आरक्त असल्याचे वर्णन वारंवार येते आणि ते सौंदर्याचे लक्षण म्हणून येते. देवीमाहात्म्यात महिषासुराचा वध करण्यापूर्वी चंडिका मद्यपान करते आणि आरक्त नेत्रांनी हसते. त्या क्षणी डोळे लाल आहेत ते देवीचे. महाभारतातील घटोत्कचाला लोहिताक्ष म्हटले आहे, आणि तो पांडवांच्या बाजूने लढता लढता प्राण देतो. पंचांग चाळणाऱ्यांना साठ संवत्सरांच्या नावांत ‘रक्ताक्षी’ हे नाव आढळले असेल. त्याच्या लगेच पुढचा संवत्सर ‘क्रोधन’ आहे. नावे देणाऱ्याच्या मनातील संगती यावरून उघड होते.

वैद्यकाने या विषयात आणखी एक पाऊल पुढे टाकले. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक भूतविद्या. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील साठाव्या अध्यायात देव, असुर, गंधर्व, यक्ष, पितर, नाग, राक्षस आणि पिशाच अशा आठ ग्रहांनी पीडित झालेल्या माणसांची लक्षणे दिली आहेत. त्यांतील डोळ्यांचे उल्लेख मोठे बोलके आहेत. देवग्रहाने पछाडलेल्याची दृष्टी स्थिर असते, तो शुचिर्भूत राहतो आणि शुद्ध संस्कृत बोलतो. असुरग्रहाने पछाडलेला तिरप्या डोळ्यांनी, भलतीकडेच पाहतो आणि देव, ब्राह्मण, गुरू यांचे दोष काढतो. ताम्रवर्ण डोळे सांगितले आहेत ते यक्षग्रहाच्या रुग्णाला. आणि हा रुग्ण गंभीर, मितभाषी, सहनशील असून कोणाला काय देऊ असे विचारीत असतो. तांबड्या डोळ्यांचा हा मनुष्य क्रूर नाही, उदार आहे. असुराची खूण रंगात सापडत नाही. ती नजरेच्या वाकडेपणात सापडते.

याच अध्यायात एक विधान आहे, ज्याकडे सहसा दुर्लक्ष होते. हे देवादी ग्रह मनुष्यांत वास करीत नाहीत आणि त्यांच्या देहात शिरतही नाहीत. शिरतात असे जे अज्ञानाने म्हणतात त्यांना भूतविद्येच्या क्षेत्रातून दूर ठेवावे, असे तेथे म्हटले आहे. देहात शिरतात ते त्यांचे रात्री हिंडणारे, रक्तमांसाची आवड असलेले अनुचर, असे स्पष्टीकरण लगेच पुढे येते. आधुनिक वाचकाला हा खुलासा पुरेसा वाटणार नाही. तरीही रुग्णाचे डोळे पाहून अमुक देवता किंवा अमुक राक्षस अंगात आला, असे छातीठोकपणे सांगणाऱ्याला वैद्यकाने आपल्या पंक्तीत बसू दिले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लाल डोळ्याला रंगभूमीवर प्रत्यक्ष घडवण्याची विद्या केरळात विकसित झाली. कथकळीचा नट रंगभूषेच्या शेवटी डोळे लाल करतो. यासाठी वांग्याच्या कुळातील चुंड नावाच्या वनस्पतीचे फूल घेतात. फुलातील बीजकोश काढून तो तळहातावर काळपट होईपर्यंत चोळतात आणि त्याची इवलीशी गोळी करून खालच्या पापणीत ठेवतात. मग नट डोळे मिटून बुबुळे फिरवतो. थोड्याच वेळात पांढरा भाग आरक्त होतो आणि ही लाली कित्येक तास टिकते. या फुलाला मलयाळम भाषेत ‘चुंडप्पूवु’ म्हणतात.

आता हे डोळे कोणाचे, ते पाहावे. कथकळीत पात्रांचा स्वभाव रंगभूषेवरून ओळखला जातो. ‘पच्च’ म्हणजे हिरवा चेहरा हा नल, अर्जुन, राम अशा धीरोदात्त नायकांचा. ‘कत्ति’ वेषात हिरव्या रंगावर तांबडा आकार चढतो आणि नाकाच्या शेंड्यावर व कपाळावर पांढरे गोळे येतात. हा वेष रावण, कीचक, दुर्योधन यांचा. दुःशासन, बकासुर इत्यादींना लाल दाढी, हनुमानाला पांढरी, आणि शूर्पणखेसारख्या राक्षसींना ‘करि’ म्हणजे काळा वेष. चेहरा, दाढी, मुकुट यांत इतके भेद असूनही डोळ्यांची लाली नल आणि रावण या दोघांनाही सारखीच दिली जाते. उंच समईच्या, खोबरेल तेलाच्या ज्योतीसमोर काजळाच्या जाड रेषांमध्ये आणि हिरव्या चेहऱ्यावर ती लाली उठून दिसते, हे तिचे रंगमंचीय प्रयोजन. पण तिचा अर्थही स्पष्ट आहे. समोर उभी असलेली व्यक्ती नित्याच्या मनुष्यलोकातील नाही, एवढेच ती सांगते. पुढचा निवाडा प्रेक्षकाने चेहऱ्याच्या रंगावरून आणि नटाच्या नेत्राभिनयावरून करावयाचा असतो.

उत्तर केरळातील तेय्यम विधीत तर काही दैवते धारण करणारा नर्तक आपल्या डोळ्यांवर बारीक छिद्र असलेले धातूचे कृत्रिम डोळे बांधतो. तेथे मानवी डोळ्याचा रंगच झाकला जातो.

पिंगट डोळ्यांचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि अधिक क्लेशदायकही. महाभारतात अरण्यातील झाडावरून निद्रिस्त पांडवांना न्याहाळणारा हिडिंब राक्षस मेघासारखा काळा आणि पिंगाक्ष आहे. काळ्या देहात पिवळसर डोळे हा विरोध भयाला पोषक ठरतो. त्याचे मूळ रानातील अनुभवात असावे, असा तर्क करता येतो. वाघ, बिबट्या, कोल्हा, रानमांजर यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. मशालीचा उजेड पडताच त्यांचे डोळे पिवळे किंवा हिरवे चमकतात आणि अंधारात देह न दिसता केवळ दोन ठिपके दिसतात. माणसाच्या डोळ्यांत असा थर नाही. जे डोळे रात्री चमकतात ते माणसाचे नव्हेत, हे ज्ञान अरण्याकाठी राहणाऱ्याच्या दृष्टीने जीवनमरणाचे होते. मराठीत ज्याला पिंगळा म्हणतात त्या लहान घुबडाची बुबुळे पिवळी असतात, आणि त्याच्या बोलण्यावरून शुभाशुभ पाहण्याची चालही जुनी आहे.

परंतु पिंगाक्ष म्हणजे राक्षस हे समीकरणही टिकत नाही. अग्नीच्या ध्यानात त्याच्या भुवया, दाढी, केस आणि डोळे पिंगट सांगितले आहेत, कारण ज्वाला तशीच असते. हनुमानाच्या प्रसिद्ध बारा नावांत ‘पिंगाक्ष’ हे नाव आहे. यक्षांचा राजा कुबेर याची कथा तर डोळ्याच्या रंगाचीच कथा आहे. रामायणाच्या उत्तरकांडानुसार तो हिमालयात व्रत करीत असता शंकरासह असलेल्या उमेवर त्याचा डावा डोळा गेला. ही कोण, एवढेच कुतूहल त्याच्या मनात होते. देवीच्या तेजाने तो डोळा जळाला आणि धूळ पडल्यासारखा पिंगट झाला. पुढे त्याच्या तपाने संतुष्ट झालेल्या शंकराने त्याला मित्र मानले आणि ‘एकाक्षिपिंगल’ हे नाव दिले. पिंगट डोळा ही येथे तेजाची जखम आहे आणि मैत्रीची खूणही.

काळाच्या ओघात एकच विशेषण कसे पक्ष बदलते, याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘हिरण्याक्ष’ हे होय. पुराणांत हा पृथ्वीला पाताळात नेणारा आणि वराहाच्या हातून मारला जाणारा दैत्य. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पस्तिसाव्या सूक्तात मात्र सुवर्णनेत्र हे विशेषण सविता या देवाला लावलेले आहे. सोनेरी डोळे सूर्याचे होते. दैत्याकडे ते नंतर आले.

आणि मग व्यासांचा प्रसंग येतो. विचित्रवीर्याच्या मृत्यूनंतर कुरुवंश चालावा म्हणून सत्यवती आपल्या या पुत्राला अंबिकेच्या शयनगृही पाठवते. दिव्यांच्या उजेडात अंबिकेला दिसतो तो काळ्या वर्णाचा पुरुष, कपिल जटा, पिंगट दाढी, पेटल्यासारखे डोळे. ती भयाने डोळे मिटून घेते, आणि तिचा पुत्र धृतराष्ट्र जन्मांध होतो. भरताने दिलेले राक्षसाचे चित्र येथे आठवून पाहावे. काळा देह, पिंगट केस, भयंकर डोळे, सर्व तपशील जुळतात. समोर उभा आहे तो मात्र ऋषी, आणि ज्या ग्रंथात हा प्रसंग येतो त्याचा कर्ता. रूपावरून स्वभाव ओळखण्याच्या सवयीवर महाभारताने याहून कठोर भाष्य क्वचितच केले असेल. चुकीची किंमत पाहणारीने नव्हे, तिच्या मुलाने चुकवली.

कथेत जे उदारपणे सोडून दिले गेले, ते सामुद्रिक आणि स्मृती यांनी घट्ट बांधण्याचा यत्न केला. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषलक्षणांच्या अध्यायात आरक्त कडांच्या डोळ्यांना लक्ष्मीचा लाभ सांगितला आहे. मधासारखे पिंगट डोळे असलेले महाधनवान होतात, आणि मांजराचे डोळे असलेले पापी, असेही तेथे एकाच श्लोकात येते. मधाचा रंग कोठे संपतो आणि मांजराचा कोठे सुरू होतो, हे ठरविणे पाहणाऱ्याच्या मर्जीवर राहिले. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या कन्येशी विवाह करू नये याची जी यादी आहे तीत ‘पिंगला’ हा शब्द येतो, आणि टीकाकारांनी त्याचा संबंध डोळ्यांशी लावला. घाऱ्या डोळ्यांविषयीचे बरेवाईट शेरे आजही लग्नाच्या बोलण्यांत ऐकू येतात. वस्तुतः काळ्या, तपकिरी, घाऱ्या आणि निळ्या बुबुळांत रंगद्रव्य एकच असते. ते मेलॅनिन विपुल असले की बुबुळ काळे दिसते, कमी असले की पिंगट किंवा घारे. आणि निळ्या बुबुळात निळे असे कोणतेही द्रव्य नसते, केवळ प्रकाशाच्या विकिरणाने ते निळे भासते.

लाल डोळ्यांनी याहून अधिक अनर्थ घडविला आहे. टांझानियाच्या वायव्य भागातील सुकुमा लोकांच्या प्रदेशात लाल डोळे हे चेटकिणीचे लक्षण समजून वृद्ध स्त्रियांच्या हत्या झाल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्या नोंदी उपलब्ध आहेत. या स्त्रियांचे डोळे लाल होण्याचे कारण त्यांच्या घरातच होते. आयुष्यभर शेणाच्या आणि लाकडाच्या जाळावर स्वयंपाक करताना डोळ्यांत गेलेला धूर, हे ते कारण. भारतातील खेड्यांतही पिढ्यान्पिढ्या चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांचे डोळे असेच चुरचुरत आणि लालावत आले आहेत. डोळ्यांवर वाढणारा वडस आणि खुपऱ्यांचा विकार यांनीही डोळा दीर्घकाळ लाल राहतो. खुपऱ्या हे एके काळी देशातील अंधत्वाचे मोठे कारण होते. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून त्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले.

झारखंड, बिहार, ओडिशा, छत्तीसगड, आसाम, राजस्थान या राज्यांत स्त्रियांना डायन किंवा टोनही ठरवून छळण्याचे व ठार मारण्याचे प्रकार दीर्घकाळ घडत आले आहेत. त्यांमागे जमिनीचा वाद, वैधव्य, गावातील आजारपण अशी अनेक कारणे असतात. बाह्य रूपातील एखादी खूण पुष्कळदा मागाहून शोधली जाते. बिहारने १९९९ साली याविरुद्ध कायदा केला आणि नव्याने निर्माण झालेल्या झारखंडने २००१ साली तो स्वीकारला. छत्तीसगडचा कायदा २००५ सालचा, ओडिशाचा २०१३ सालचा. राजस्थान व आसाम यांच्या विधानसभांनी २०१५ साली असे कायदे संमत केले. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालचा आहे. बिहारच्या कायद्यातील एक तरतूद या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. छळ किंवा मारहाण हे पुढचे गुन्हे; एखाद्या व्यक्तीला डायन म्हणून ‘ओळखणे’ आणि त्या दिशेने काही कृती करणे हाच तेथे पहिला गुन्हा ठरतो. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवण्यात आली. ती फारच सौम्य होती. छत्तीसगडने अशाच ओळखीसाठी तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठरवली.